नदीकडचा इंडिकेटर

१

सारंगखेड्याच्या त्या गल्लीत कोणाकडे पाहुणे आले, कोणाची म्हैस आटली, कोणाच्या घरात सकाळपासून भांडण धुमसतंय, हे आधी उमरावबाईंना कळायचं आणि मग त्या घरच्यांना. छगनलालशेठ गल्ल्यावर बसत. उमरावबाई दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, गुळाच्या भेल्यांशेजारी पाटावर. तिथून अख्खी गल्ली दिसे. शेठ गिऱ्हाइकांना सांगत की आमच्या गल्लीत कॅमेरा बसवायची गरज नाही, आमच्याकडे एक आहे, फक्त तो चहा पितो. उमरावबाई रागवत नसत. नाक खुपसणारी माणसं वेळेला हातही पुढे करतात, आणि त्यांचा हात गल्लीतल्या प्रत्येक घराला कधी ना कधी लागलेला होता.

समोरचं घर दोधूआप्पांचं. नदीकाठी शेती, आणि घरी पाण्याच्या मोटारी तांब्याच्या तारेनं वाइंडिंग करून द्यायचं काम. बायको जाऊन बराच काळ झालेला. घरात ते आणि सून दीपमाला. मुलगा अमृत लग्नाची हळद फिकी पडायच्या आत एसटीनं सुरतेला कामाला म्हणून गेला, तो गेलाच. फोन बंद. शोध झाला, नवस झाले. मागे राहिली त्याची मोटरसायकल. ती आप्पांनी कधी विकली नाही. रोज सकाळी तिला किक मारायची, शेतात जायचं, दुपारी येऊन निंबाखाली ती गल्लीला समांतर उभी करायची, चावी खिशात टाकायची आणि जेवायचं. त्या किकेच्या आवाजावर उमरावबाईंचा पहिला चहा ठरलेला असे.

शास्त्रात सांगितली तेवढी वर्षं उलटली तेव्हा उमरावबाईंनीच आप्पांच्या मागे लकडा लावला. गेलेल्याचे संस्कार करा आणि पोरीला मोकळं करा, सून म्हणून आली आणि लेक होऊन राहिली, तिला म्हातारी करू नका. आप्पा ऐकायला तयार नव्हते, पण शेवटी ऐकलं. पौषात, यात्रेचे घोडे परत गेल्यावर, तापीच्या काठी पळसाच्या देठांचा आणि दर्भाचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, अमृतचा निळा शर्ट घातला आणि आप्पांनी अग्नी दिला. पुढे उमरावबाईंनीच नवापूरचं स्थळ काढलं. पोल्ट्रीत सुपरवायझर, बायको वारलेली, स्वभाव गरीब. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की तिकडून गाडी येणार, लग्न नवापूरलाच रजिस्टर होणार, असं ठरलं.

चैत्रातल्या एका दुपारी गल्ली उन्हानं ओस पडलेली असताना उमरावबाईंना टिक्-टिक् ऐकू आलं. आधी त्यांना वाटलं, भिंतीवरचं घड्याळ. पण घड्याळ कधीचंच बंद होतं. मान वळवून पाहिलं तर आप्पांच्या गाडीचा इंडिकेटर लागत होता, विझत होता. दुकानाच्या बाजूचा. गाडीला चावी नव्हती.

२

आप्पांनी येऊन फ्यूज काढून पाहिला, फुंकर मारली, परत बसवला. टिक्-टिक् थांबली. बल्बच्या होल्डरला गंज चढलाय, उन्हात पत्रा फुगतो, टेकतो, असं काहीसं ते म्हणाले. उमरावबाईंना पटलं. उन्हात त्यांच्या डब्यांची झाकणंसुद्धा घट्ट बसत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ, तोच आवाज. त्या दिवशी आप्पांनी गाडी उलट्या तोंडानं लावली होती. आदल्या दिवशी डावा इंडिकेटर लागला होता, आज उजवा. दोन्ही खराब झाले असतील, उमरावबाईंनी मनाशी म्हटलं, आणि तांदूळ निवडायला लागल्या. निवडता निवडता हात थांबला. काल डावा, आज उजवा, पण लागतो तो दुकानाच्याच बाजूचा.

त्यांनी शेठना सांगितलं. शेठ म्हणाले की गाडीसुद्धा तुझ्याकडे बघून डोळा मारते, तू सगळ्या गावाकडे बघत असतेस ना. उमरावबाई हसल्या. पण आप्पा बाहेर आल्याबरोबर त्यांनी गाडी फिरवायला लावलीच. आप्पांनी स्टँड काढला आणि कुरकुरत गाडी वळवायला घेतली. वळता वळता उजवा इंडिकेटर लागतच होता. गाडीचं तोंड थेट दुकानाकडे आलं तसे दोन्ही एकदम लागायला लागले. आणखी वळवली, तेव्हा उजवा विझला आणि डावा चालू राहिला.

आप्पांनी पुन्हा एकदा फिरवली. मग आणखी एकदा. अंगाला घाम सुटला तरी फिरवत होते.

"आप्पा, पुरे," उमरावबाई म्हणाल्या.

"भोवरा लाग्या का काय हाई गाडीले," आप्पा म्हणाले आणि गाडी तशीच आडवी सोडून आत गेले.

त्या दुपारी उमरावबाईंनी आपल्या घरात एक फेरी मारली. दुकान, त्यामागे बसायची खोली, त्यामागे स्वयंपाकघर, मग परसू. बोट दाखवावं असं कुठेच काही नव्हतं. तरी कोणीतरी आपल्या घराकडे बोट दाखवतंय, हे मनातून जाईना.

३

उमरावबाईंनीच फोन करून नवलसिंगला बोलावलं. बसस्टँडजवळ त्याचं गॅरेज. जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये आपला हात धरणारा शहाद्यापर्यंत कोणी नाही, असं तो स्वतःच सांगे. आल्याआल्या त्यानं चहा मागितला आणि फॉल्ट कसा सापडतो ते उमरावबाईंना समजावत बसला. करंट पाण्यासारखा असतो भाभी, गळती कुठंतरी असते, वरच्या टोकापासून खाली येत जायचं, एक एक बंद करत जायचं, जिथं बंद केल्यावर थांबेल तिथं रोग.

त्यानं फ्यूज काढला. टिक्-टिक् चालूच. हँडलचा स्विच उघडून साफ केला. चालूच. बल्ब काढून दुसरे लावले, तेही लागायला लागले. मग सीट काढून त्यानं बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या, बॅटरी उचलली आणि ओट्यावर ठेवली.

बॅटरी ओट्यावर आणि गाडी निंबाखाली, मध्ये हातभर ऊन. इंडिकेटर लागत होता, विझत होता.

नवलसिंग आधी हसला. मग त्यानं बॅटरीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि हसायचं राहून गेलं. काही गाड्यांत उरलेला करंट राहतो, तो म्हणाला. किती वेळ राहतो, असं उमरावबाईंनी विचारलं, तेव्हा तो पुन्हा गाडीपाशी वाकला.

शेवटी शेठच म्हणाले की गाडी जरा दुसरीकडे नेऊन बघा. सगळ्यांनी मिळून ती ढकलत, दुकानाच्या शेजारच्या बोळातून, उमरावबाईंच्या परसामागे नेली. तिथून पुढे शेतं उताराला लागतात आणि खाली नदी. परसामागे उभी केल्यावर गाडीनं घराकडचा इंडिकेटर लावला नाही. नदीकडचा लावला.

म्हणजे आपलं घर नव्हे. उमरावबाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि लगेच त्यांना त्याची लाज वाटली. कारण आप्पा तिकडे, उताराच्या खाली बघत होते. तिथं घाट होता. पौषात पुतळा जाळला तो.

४

गाडी परत निंबाखाली आणल्यावर नवलसिंगनं टाकी काढली आणि सगळी वायरिंग उघडी केली. बराच वेळ तो खाली वाकून होता. मग त्यानं उमरावबाईंना जवळ बोलावलं. त्या वाकल्या. इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या फ्लॅशरपासून निघालेली वायर बोटभर पुढे येऊन संपलेली होती. मागच्या बाजूनंही तसंच. मधली अख्खी लांबी नव्हतीच. कुरतडलेली नाही, जळालेली नाही, पक्कडीनं नीट कापलेली.

"इथं वायरच नाही भाभी," नवलसिंग हळू म्हणाला. "दोन्ही बाजूंची. मग हे लागतंय कशावर?"

आप्पा ओट्यावर बॅटरीशेजारी बसले होते. त्यांनी लगेच सांगून टाकलं, लपवायचं काही आहे असं त्यांना वाटलंच नसावं. घाटावर दर्भ सारखा सुटत होता. गुरुजी घाई करत होते, सुताच्या गाठी देठांवरून घसरत होत्या, खांद्यापासून हात निखळून पडत होता. जन्मभर मोटारी बांधलेला माणूस, ढिलं काम त्यांना बघवलं नाही. गाडी तिथंच उभी होती. सीट काढली, पक्कड घेतली, इंडिकेटरची वायर कापून सोलली आणि तांब्यानं सांधे आवळले. शेतात जायला इंडिकेटर कशाला लागतो. आणि त्याचीच गाडी होती.

"पोऱ्याना हातपाय ढिला कसा सोडू, शेठानी?"

देठं जळाली, नारळ फुटला, शर्ट जळाला. तांबं जळत नाही. राखेबरोबर ते नदीत गेलं.

नवलसिंगनं पाने पुसून पिशवीत भरायला घेतले. जाताना म्हणाला की सांगत असाल तर पूर्ण वायरिंग काढून टाकतो, एकही तार ठेवत नाही, म्हणजे प्रश्न मिटला. आप्पांनी मान हलवली. नको. गाडीला आता कोणी हात लावायचा नाही.

"ई ऱ्हायना तो," ते म्हणाले. अमृत येतोय, असं. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं असं काहीतरी उजळलं होतं.

उमरावबाईंना संताप आला. आखाजी तोंडावर, पोरीच्या साड्या घेऊन झाल्या, आणि म्हाताऱ्याला हे सुचतंय. बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्यांना दारात दीपमाला उभी दिसली. हातात पाण्याचा तांब्या. तिनं सगळं ऐकलं होतं. तांब्या ओट्यावर ठेवून ती आत गेली.

५

आखाजीच्या आधीच्या दिवसांत उमरावबाईंच्या परसात कुरडया असत. जुन्या धोतरांवर गव्हाच्या चिकाच्या पांढऱ्या जाळ्या पसरायच्या, दगडं ठेवायची आणि दुपारभर कावळे हाकायचे. त्या दुपारी उमरावबाई बसायच्या खोलीत चटईवर आडव्या झाल्या होत्या. परसूचं दार उघडं, दुकानाकडचा पडदा सोडलेला. शेठ दुकानात पेंगत होते. समोरून टिक्-टिक् येत होती. आता तिचीही सवय झाली होती.

परसातून आवाज आला. वाळला कडबा ओढत न्यावा तसा. मध्येच एक बारीक ओरखडा, पत्र्याच्या डब्यावरून तार फिरवल्यासारखा. कुत्रं असेल म्हणून उमरावबाई पडल्या पडल्या हाड म्हणाल्या. आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आणि या खेपेला स्वयंपाकघराच्या फरशीवर.

उठायला हवं होतं. नंतर त्यांनी स्वतःला कितीदा विचारलं, का उठले नाही. डोळे मिटलेले होते आणि ते मिटलेलेच राहावेत असं अंगातलं सगळं बळ सांगत होतं. मांजर असेल. शेजारणीचं पोर असेल. करपलेल्या पिठाचा वास आला, आणि गाळाचा. वारा सुटला असेल, नदीकडून येतो कधीकधी. अंगावरून काही गेलं नाही, पण चटईच्या कडेची काडी मोडल्याचा आवाज त्यांच्या कानापाशी झाला. मग दुकानाचा पडदा सरकला, कड्या वाजल्या.

त्या उठल्या तेव्हा आधी परसात गेल्या. कुरडया धोतराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोडल्या होत्या. पावलं उमटावीत तशा नाही. वीतवीत अंतरावर एकेक भोक, काठी टोचत गेल्यासारखं. भोकांचा रोख दाराकडे.

त्या दुकानात आल्या. शेठ डोळे चोळत होते.

"आत्ताच बाहेर गेलीस ना तू?" शेठनी विचारलं. "माझ्या खांद्याला पदर लागला."

उमरावबाईंनी समोर पाहिलं. गाडी नवलसिंग गेला तेव्हा होती तशीच उभी होती, कोणी हलवलेली नव्हती. पण दुकानाकडचा इंडिकेटर विझला होता. लागत होता तो दुसऱ्या बाजूचा, आप्पांच्या दाराकडचा.

दुपारभर त्या मनाला समजावत राहिल्या. वायरिंग उघडी ठेवलीय, नवलसिंगनं काहीतरी उलटंसुलटं जोडलं असेल. जोडायला वायर नाही हे आठवलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कालपर्यंत नदीकडे होतं, आज आप्पांच्या घराकडे. आणि नदी आणि आप्पांचं घर यांच्यामध्ये एकच घर येतं.

६

आप्पांनी दाढी केली. मधल्या खोलीतलं वाइंडिंगचं सामान काढून ओसरीत ठेवलं आणि ती खोली स्वतः झाडून घेतली. शेतात जायचे थांबले. उमरावबाई ओट्यावर जाऊन काही विचारू लागल्या की ते प्रेमानं बोलत आणि मधल्या खोलीचं दार ओढून घेत.

संध्याकाळी दिवेलागणीला दीपमाला साखर घ्यायला दुकानात आली. शेठ मंदिरात गेले होते. ती फळीपाशी उभी राहिली आणि उमरावबाईंनी विचारायच्या आधीच बोलायला लागली.

"भाभी, मझारली खोलीमा आप्पा कोनासंगे तरी बोलतस. मंग गप ऱ्हातस. मंग हाव म्हनतस."

"आवाज येतो का दुसरा?"

"नही. आप्पास्नाच."

उमरावबाईंनी साखर काढायला डबा ओढला. त्यांना विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही. अमृत आहे असं वाटतं का तुला?

दीपमाला म्हणाली, "तो ऱ्हाता तर इतला दिवस कोठे व्हता? मी वाट देखी देखी थकनू, भाभी. आते जो शे, तो तो नही. मी जासू."

मी जाणार, असं ती इतकं सरळ कधी बोललेलं उमरावबाईंनी ऐकलं नव्हतं. त्यांना भरून आलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवायला म्हणून मान वर केली आणि नजर तिच्या मागे, गल्लीपलीकडे गेली. गाडीचा इंडिकेटर लागत होता, विझत होता. दुकानाच्या बाजूचा.

उमरावबाईंनी साखर तोलली आणि पिशवीला गाठ मारली. फळीच्या अलीकडे त्या, पलीकडे दीपमाला. दीपमालाच्या पाठीमागे दुकानाची पायरी, पायरीवर संध्याकाळचा काळपट उजेड, आणि त्या उजेडात काहीच नव्हतं. करपलेल्या पिठाचा वास मात्र होता. उमरावबाई पिशवीच्या गाठीकडे बघत राहिल्या. ही गाठ सुटली नाही पाहिजे, एवढंच त्या मनात म्हणत होत्या.

"काय झायं, भाभी?"

"काही नाही. जा बाई. सांभाळून जा."

दीपमाला गल्ली ओलांडून घरात गेली. ती उंबऱ्याच्या आत गेल्यावर दुकानाकडचा इंडिकेटर थांबला. श्वास घ्यावा इतकाच वेळ. मग तिकडचा लागला.

म्हणजे ते घरी आलेलं नव्हतं. ते हिच्यासाठी आलं होतं. ही दुकानात आली तर दुकानात, घरात गेली तर घरात. आणि नवापूरच्या गाडीत बसली तर.

७

आखाजीच्या आदल्या सकाळी दीपमाला नळावर गेली ते बघून उमरावबाई आप्पांच्या ओट्यावर आल्या. जे पाहिलं ते सगळं सांगितलं, काही न लपवता, आवाज न चढवता. गाडीकडे बोट दाखवलं. इंडिकेटर आता आप्पांच्या दाराकडे नव्हता, नळाच्या बाजूला होता. दीपमाला हंडा घेऊन परत आली, ओटा चढली, आत गेली. आप्पांनी गाडीकडे पाहिलं. टिक्-टिक् तिच्या मागोमाग फिरली.

आप्पांनी बराच वेळ गाडीवरून नजर काढली नाही. दाढी केलेला चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"माले वाटनं," ते म्हणाले, "मन्हाकरता उना व्हयी."

म्हाताऱ्याला वाटलं होतं, पोरगा आपल्यासाठी आलाय. पोरीचं जाणं पुढे ढकलू या का, उमरावबाईंनी विचारलं. नवापूरवाल्यांना काहीतरी कारण सांगता येईल. आप्पा नाही म्हणाले. पोरगी जाईल, ठरल्या दिवशीच जाईल.

"तिले काही सांगू नका, शेठानी."

एवढं बोलून ते आत गेले. मधल्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आप्पांचं बोलणं सुरू झालं, समजावणीच्या सुरात, लहान पोराला शाळेत पाठवताना बोलतात तसं. शब्द कळत नव्हते. उमरावबाई ऐकायला थांबल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्या एखादं बोलणं अर्धवट सोडून घरी आल्या.

८

ठरल्या दिवशी नवापूरची गाडी आली ती ऊन कलल्यावर. नवरदेव, त्याची बहीण आणि ड्रायव्हर. निंबाखाली मोटरसायकल होती म्हणून गाडी दुकानासमोर उभी राहिली. गल्लीतल्या बायका जमल्या, ओटी भरली, कोणी डोळे पुसले, कोणी नवरदेवाच्या टकलावरून हळूच काहीतरी बोललं आणि हसू फुटलं. नवरदेव भला माणूस वाटला. त्यानं दीपमालाची पेटी स्वतः उचलून मागे ठेवली.

आप्पा बाहेर आले नाहीत. दीपमालानं आत जाऊन त्यांच्या पाया पडून घेतलं होतं, तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं की माझी वाट बघू नकोस, मी बाहेर येणार नाही, मला बघवणार नाही. सगळ्यांना ते पटलं. म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं.

उमरावबाई ओटी भरत होत्या, बोलत होत्या, पण त्यांचं लक्ष मोटरसायकलच्या इंडिकेटरवर होतं. दीपमाला ओट्यावरून उतरली. इंडिकेटर घराकडेच होता. तिनं गल्ली ओलांडायला सुरुवात केली. टिक्-टिक् एकदम जलद झाली. दुकानाकडचा एकदा लागला, विझला. पुन्हा घराकडचा. पुन्हा दुकानाकडचा. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. बायका हसत होत्या.

उमरावबाईंनी दाराकडे पाहिलं.

आप्पा उंबऱ्यावर उभे होते. गल्लीकडे पाठ, तोंड आत. दोन्ही हात पसरून त्यांनी दाराची चौकट धरली होती. पाठीवर सदरा घामानं चिकटला होता. तोंड दाखवायचं नसेल म्हणून असे उभे असतील. उमरावबाईंनी हे स्वतःला सांगितलं, आणि तेवढ्यात आप्पांचा पाय उंबऱ्यावरून बोटभर मागे सरकला. ते पुन्हा रेटून पुढे झाले. पुन्हा सरकले.

उमरावबाई धावल्या नाहीत. त्यांना धावता येतही नव्हतं. भराभर चालत त्या ओटा चढल्या, आणि आप्पांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या, बायकांना काही दिसू नये म्हणून पदर पसरून. आप्पांच्या काखेखालून निळ्या कापडाची बाही बाहेर आली होती. बाहीला करपलेली कड होती. तिच्या टोकाशी जे होतं ते चौकटीवर चाचपत होतं, बारीक, तांबूस, चकाकणारं, आणि त्याला धरायला काही सापडत नव्हतं. उमरावबाईंनी खाली, उंबऱ्याकडे मान घातली. दोन्ही तळवे आप्पांच्या पाठीवर टेकवले आणि रेटलं.

पाठीतून त्यांना कळत होतं. पलीकडून जे ढकलत होतं त्याला वजन नव्हतं, कडब्याच्या पेंढीला असतं तेवढंच. पण ते थांबत नव्हतं. मागे नवरदेवाची बहीण म्हणत होती की काकूंना रडू आलं वाटतं. गाडीचं दार लागलं. पुन्हा उघडलं, पदर अडकला असेल. पुन्हा लागलं. गाडी सुरू झाली, मागे आली, वळली. उमरावबाईंचे तळवे घसरत होते. त्यांनी डोकंसुद्धा आप्पांच्या पाठीला लावलं.

गाडीचा आवाज गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागला. तिथून पुढे तो इतर आवाजांत मिसळला. बायका बोलत बोलत पांगल्या.

"गयी का?" आप्पांनी विचारलं. आवाज दातांतून येत होता.

"गेली."

"मंग तुम्ही मांगे सरका. दार लावा."

"तुम्ही बाहेर या आधी."

आप्पांनी चौकट सोडली नाही. मान थोडी वळवली, तेवढ्यात त्यांचा गाल दिसला, ओला.

"मी बाहेर उनू तर हाऊ बी येई. बाहेरतून कडी लावा, शेठानी."

मग त्यांनी चौकटीवरचे हात काढून समोर पसरले, कोणाला तरी उराशी धरावं तसे, आणि एक पाऊल आत टाकलं. निळं कापड त्यांच्या दंडाआड गेलं. कडब्याचा आवाज झाला, एकदाच. उमरावबाईंनी दोन्ही दारं ओढली आणि कडी घातली.

शेठ गल्ली ओलांडून आले. आप्पा आत आहेत ना, मग बाहेरून कडी का, त्यांनी विचारलं. आप्पांनीच सांगितलंय, एवढं उमरावबाई म्हणाल्या. शेठ म्हणाले की म्हातारा एकटा आहे, असं कोणी करतं का, आणि कडी काढायला हात पुढे केला. उमरावबाईंनी तो हात बाजूला केला. मग त्या तिथंच ओट्यावर खाली बसल्या, आणि दाराला पाठ टेकून त्यांनी पाय समोरच्या खांबाला रोवले.